मिलिमीटरचे धुरे

हातात काहीही दिलं की तो ते आधी कानाशी नेऊन हलवायचा. नारळ आपण सगळेच हलवतो, त्यात काही विशेष नाही. हा पेढ्यांचा पुडा हलवायचा, गजराचं घड्याळ हलवायचा, टीव्हीचा रिमोट हलवायचा. एकदा माझ्या मेव्हण्यानं नवाकोरा मोबाइल कौतुकानं त्याच्या हातात दिला. यानं तो खुळखुळ्यासारखा कानाशी वाजवला आणि परत देत म्हणाला, "हलायलंय आत काहीतरी." मेव्हणा तेव्हापासून तो मोबाइल बोलण्यासाठी कमी आणि हलवण्यासाठीच जास्त कानाला लावतो.

त्याचं दुसरं वाक्य होतं, "लय हवा हाय आत." ते त्यानं माझ्या स्टुडिओतल्या कपाटाबद्दल म्हटलं, पिंगळीच्या पाहुण्यांनी आणलेल्या सुटकेसबद्दल म्हटलं, आणि एकदा ऐन पंगतीत, माझ्या पोटाकडं शांतपणे बघत, माझ्याबद्दलही म्हटलं. वाढपी हसला. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, कारण त्याच्या धंद्यात हवा, म्हणजे वाया गेलेली जागा, ही एकच शिवी होती, आणि ती तो सगळ्यांना सारखीच देत असे.

आमच्या गल्लीत त्याला 'इंजिनेर' म्हणत. परभणीत इंजिनेर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कालवा येतो, नाहीतर खड्ड्यांचा रस्ता. हा छोटे डिजिटल कॅमेरे आतून मांडायचा. म्हणजे खिशात मावणाऱ्या त्या डबीत लेन्स कुठं, बॅटरी कुठं, फ्लॅश कुठं, आणि या सगळ्यावर बाहेरचं कवच कसं चढवायचं, हे ठरवणं त्याचं काम. पुण्यातल्या एका कंपनीत त्यानं हेच केलं, मधली काही वर्षं जपानात जाऊन तेच केलं. हे समजावून सांगता सांगता तो थकला. गल्लीतल्या निम्म्या लोकांची शेवटपर्यंत समजूत होती की तो कॅमेऱ्याच्या पिशव्या शिवतो. त्यातला एकजण तर मलाच विचारून गेला, की इंजिनेर सुटकेसची चेन बसवून देईल का.

माझी आणि त्याची ओळख मात्र थेट विजेनं झाली.

माझा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे, बोर्ड अजून आहे. एका मास्तरांनी त्यांचा छोटा कॅमेरा आणून दिला होता. त्याची लेन्स बाहेर येऊन अडकली होती. "होतंय का बघा," एवढंच मास्तर म्हणाले. शहाण्या माणसानं त्यावर 'नाही' म्हणावं. पण माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. मी बॅटरी काढली, म्हणजे आता धोका नाही असं स्वतःलाच सांगितलं, कवच उघडलं आणि आतल्या एका काळ्या नळकांड्याला बोट लावलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. नंतर जे कळलं ते असं, की मी स्टुलासकट मागं गेलो आणि धबधब्याचं चित्र असलेल्या पडद्यात गुंडाळला गेलो. काउंटरवर पासपोर्ट फोटोसाठी आलेला एक सडपातळ, उंच, चष्मेवाला माणूस उभा होता. त्यानं मला पडद्यातून सोडवलं नाही. आधी त्यानं कॅमेरा उचलला.

"बॅटरी काढली होती!" मी धबधब्यातून ओरडलो.

"काढली असंल. पर फ्लॅशनं आधीच पिऊन ठेवलेलं असतंय. बॅटरी गेली तरी ते त्याच्या पोटात तसंच राहतंय. राग राहतो न मानसात, तसं."

मी कसाबसा पडद्यातून सुटून आलो, तर त्यानं माझ्याकडून साधा बल्ब मागून घेतला, त्याच्या दोन वायरी त्या नळकांड्याला टेकवल्या. बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला. "गेला राग," तो म्हणाला, आणि माझ्याच खुर्चीत बसून त्यानं उघडा कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. उजेडाकडं वळवून वळवून बघितला. मला वाटलं, काहीतरी मोडलेलं दिसलं.

"ही भिंत माझी हाय," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. बॅटरीचा कप्पा आणि मेमरी कार्डाची खाच यांच्यामध्ये प्लास्टिकची एक पातळ पट्टी होती. नखाएवढी.

"एवढीच?"

"अन् बॅटरीचं झाकन. बाकी बाकीच्यांचं." मग पट्टीवर नख फिरवत, "या भिंतीपायी सालभर भांडलो, मालक."

तो मला मालक का म्हणायचा, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या मालकीचं जे काही होतं ते समोर पडद्यात गुंडाळून पडलं होतं.

त्या भांडणाची गोष्ट त्यानं नंतर मला बऱ्याचदा सांगितली, आणि दर वेळी तितक्याच पोटतिडकीनं. कॅमेऱ्याच्या आतली जागा म्हणजे आपल्याकडची वाटणीची जमीन. प्रत्येक भागाचा एक माणूस असतो आणि तो बैठकीला आला की फक्त आपल्या तुकड्याचं बोलतो. बॅटरीवाला म्हणतो मला जाडी द्या. स्क्रीनवाला म्हणतो मला रुंदी द्या. फ्लॅशवाला सगळ्यांत तापट, त्याच्या शेजारी कुणी नांदायला तयार नसतो. "अन् लेन्स म्हंजे जावई," तो म्हणायचा. "बाहीर गेला तरी त्याची खोली कुनाला देता येत न्हाई. कधी मागं फिरंल सांगता येत न्हाई." या सगळ्यांच्या मधले धुरे, म्हणजे बांध, आखायचं काम याचं. आपल्याकडं शेताच्या धुऱ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, तिथं जपानी माणसं केसाएवढ्या धुऱ्यावरून एकमेकांना वाकून नमस्कार करत भांडायची. "आपल्याकडची भांडनं बरी," तो म्हणे, "आवाज तरी होतोय."

त्याच्या खोलीत एक फळी होती, आणि फळीवर थर्मोकोलचे कॅमेरे. कंपनी सुटली तरी जुन्या सवयीनं, कागदावर रेघ मारायच्या आधी तो थर्मोकोल कोरायचा, आणि त्यात खिळे खुपसून खऱ्या कॅमेऱ्याचं वजन आणायचा. आलेल्या-गेलेल्याच्या हातात तो तुकडा द्यायचा. "डोळे मिटा. धरा. अंगठा कुठं गेला?" जिथं अंगठा गेला तिथं पेनानं खूण. गल्लीत असा एकही अंगठा नव्हता, ज्याची खूण त्याच्याकडं नाही. माझा अंगठा मात्र डोळे मिटल्यावर थेट लेन्सवर गेला. त्यानं तुकडा पुन्हा धरायला लावला. पुन्हा लेन्सवर.

"तुमी फोटोग्राफर कसे झालात?" त्यानं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

मी सांगितलं की वडिलांचा स्टुडिओ होता.

कॅमेऱ्यांचं काम सुटलं त्याला कुणा एकाचा दोष नव्हता. मोबाइल आला. "आमी बारीक करत गेलो, करत गेलो," तो एकदा म्हणाला, "शेवटी इतकं बारीक केलं की ते मोबाइलच्या एका कोपऱ्यात जाऊन बसलं. अन् आमी बाहीर." पुण्याचं ऑफिस बंद झालं तेव्हा तो परभणीला आईकडं आला. लग्न राहून गेलं होतं. घरी बसून तो पाण्याच्या मीटरची आणि फवारणीच्या पंपाची कवचं आखून द्यायचा. त्या पंपांबद्दल त्याला फार वाईट वाटायचं. "निस्ती हवा हो, मालक. शेतकरी पाठीवर हवा वागवायलाय."

त्याचं घर आणि माझं घर, दोन्ही लिंगायत. गळ्यात लिंग असतं, ते डबीत ठेवलेलं. त्याच्या आईची, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशींची, डबी चांदीची होती आणि जुनी. मावशी चालायला लागल्या की लिंग आत टकटक वाजायचं. गल्लीला सवय होती. टकटक आली की मावशी आल्या हे कळायचं, आणि पोरं पतंग लपवायची. इंजिनेर परत आला आणि पहिल्या आठवड्यातच त्यानं ती डबी मागून घेतली, कानाशी हलवली, आणि आत मऊ कापडाचं इतकं नेमकं आसन बसवलं की आवाज बंद झाला. मावशींनी डबी गळ्यात घातली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "आता म्हादेव गप बसलाय. त्याला बी बरं, मला बी बरं."

गल्लीतल्या पोरांचं मात्र फार नुकसान झालं.

मग मावशी पडल्या. मोरीत, सकाळच्या वेळी, घागर भरताना. खुबा मोडला. नांदेडला नेऊन आत सळई घातली. सळईनं त्या उभ्या राहिल्या, काठी घेऊन चालूही लागल्या, पण उजवा पाय दुमडेना. खुर्चीत बसायच्या तेही मागं रेलून, पाय पुढं काठीसारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं झालं हेच पुष्कळ. आम्हीही तेच म्हणालो. पेढे वाटले.

पुष्कळ झालेलं नव्हतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, आणि आडवा पुरतही नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग देतात आणि जमिनीत खड्डा खणून, त्याच्या एका अंगाला कोनाडा कोरून, त्यात बसता ठेवतात. म्हणून आमच्या घरात कुणी गेलं की रडण्याच्या आधी पाय दुमडण्याची घाई असते. अंग ताठलं की मग काही चालत नाही.

मावशींना भेटायला आलेल्या वालूरच्या कुणा नातेवाईक बाईनं सहज, डाळिंब सोलता सोलता विचारलं, "आत्याबाई, पाय असा; मग तुमाला बसवायचं कसं वं?" आणि डाळिंब खाऊन ती बाई निघून गेली.

त्या दिवसापासून मावशी आडव्या व्हायच्या बंद झाल्या. भिंतीला टेकून, ताठ पाय पुढं टाकून, बसूनच राहायच्या. डोळा लागला तरी बसूनच. कुणी उशी आणली की ढकलून द्यायच्या. "निजले अन् तशीच गेले तं? मंग मला कोन बसवंल? एक पाय तं गेलाच हाय, दुसरा बी ताठायचा." पाय सुजून जात्याच्या खुंट्यासारखे झाले. डॉक्टरांनी येऊन सांगितलं, असंच चाललं तर पायात रक्त साकळेल आणि तेच वर जाऊन जीव घेईल. मावशी म्हणाल्या, "घेऊ द्या. बसलेली तं आसंन."

आता इथं मी मदतीला धावलो. माझा एक स्वभाव आहे, की जिथं चार शहाणी माणसं गप्प असतात तिथं मला बोलायला सुचतं. मी मावशींजवळ बसलो आणि खेळकरपणे म्हणालो, "अहो मावशी, कशाला एवढा विचार? आजकाल आडवंबी चालतंय."

मावशींच्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. भरलेला. नेम चांगला होता.

इंजिनेरनं मला टॉवेल दिला आणि दारापर्यंत सोडलं. मी त्याची माफी मागायला लागलो, तर तो ऐकतच नव्हता. दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं ठोकत होता. "तिचा प्रश्न बराबर हाय," तो म्हणाला. "आपन उत्तर चुकीचं द्यायलोत. तिला धीर न्हाई पायजे. तिला जागा पायजे."

दुसऱ्या दिवशी तो मठातल्या स्वामींकडं गेला. मलाही नेलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. त्यानं एकच विचारलं: एक पाय लांब असला तर बसवलं म्हणतात का? स्वामी वयस्क होते, अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दोनचार शेंगा फोडल्या, खाल्ल्या, मग म्हणाले, "बसनं कमरंच्या वर असतंय बाबा. पायाचं पायानं बघावं."

येताना इंजिनेर रस्त्यानं जवळजवळ पळत होता. "भेटलं, मालक! नेमकं काय पायजे ते कुनीतरी एकदा सांगावं लागतंय, मंग बाकी आपलं काम."

खड्ड्याचं माप आमच्यात ज्याचं त्याच्या पावलानं घेतात. हे मला माहीत होतं, पण मी त्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. यानं मावशींचं पाऊल कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि थक्क होऊन बसला. "बघा की. आमी ज्याच्या हातात कॅमेरा जायचा त्याचा अंगठा मोजायचो अन् वाटायचं लय मोठा शोध लावला. आपल्याकडं कधीपासून पाऊल मोजायलेत." मग त्यानं मावशींची पाठ मोजली, बसती उंची मोजली, ताठ पायाची लांबी मोजली, टाच बाहेर किती वळते ते मोजलं. मावशी सगळं मोजू देत होत्या. लग्नाच्या चोळीचं माप द्यावं तशा.

काही दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात थर्मोकोलची एक पेटी होती. कॅमेऱ्याच्या कवचासारखी, दोन अर्ध्यांची, मध्ये बारीक स्क्रू. त्यानं ती मावशींपुढं ठेवून उघडली. आत खड्डा होता, खड्ड्याच्या अंगाला कोनाडा, आणि कोनाड्यात एक छोटी बाई बसलेली होती. डावा पाय दुमडलेला. उजव्या पायासाठी बाजूच्या भिंतीत वेगळी गल्ली कोरलेली, तीत तो पाय सरळ, निवांत पडलेला. तळहात वर. कुठंच हवा नव्हती, आणि कुठंच दाटीही नव्हती.

मावशींनी चष्मा मागितला. बोट घालून एकेक जागा चाचपली.

"डोकं टेकतंय का?"

"टेकतंय. मागं जरा खोल केलंय."

"माती अंगावर पडंल."

"न्हाई. वर छज्जा हाय बघ."

"खुबा दुखंल का रे?"

इंजिनेर हसला नाही. "तिथं मऊ माती घ्यायला सांगू," तो म्हणाला.

"अन् तू कुठं हायस यात?"

त्यानं पेटीकडं पाहिलं. हा प्रश्न त्याला सुचलेला नव्हता. "मी वर," तो म्हणाला. "झाकन लावायला."

मावशींनी पेटी मिटली, उशी मागितली आणि आडव्या झाल्या. भर दुपारी, महिन्याभराची झोप काढत असल्यासारख्या घोरायला लागल्या. तो दारात उभा राहून बघत होता. मी काहीतरी बोलणार होतो, पण तांब्या अजून हाताच्या अंतरावर होता, आणि एकदा तरी आपण गप्प राहून बघावं असं मला वाटलं.

पुढं काही काळ बरा गेला. मावशींची सूज उतरली. त्या काठी घेऊन माझ्या स्टुडिओपर्यंत यायच्या आणि माझ्या फोटोंना नावं ठेवायच्या.

मग एके दिवशी कॉलेजातली एक मुलगी आली आणि तिनं विचारलं, जुना छोटा कॅमेरा आहे का, मोबाइलच्या आधीचा? मला ती चेष्टा वाटली. मी म्हटलं, भंगारात बघ. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणी आल्या. म्हणे आता सगळ्यांना त्याच कॅमेऱ्याचे फोटो हवेत, थोडे फिके, थोडे जळके, फ्लॅश तोंडावर आदळलेला. मी त्यांना अभिमानानं सांगितलं की तसले एक पोतंभर कॅमेरे माझ्याकडं होते, आणि मी ते दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकले. इंजिनेर तिथंच बसला होता. तो उठून निघून गेला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्या पोत्यात त्याच्या किती भिंती होत्या कुणास ठाऊक.

पण या मुलींचं खरं निघालं. पुण्याच्या एका नव्या कंपनीला असा छोटा कॅमेरा पुन्हा काढायचा होता, आणि त्याच्या आतलं जाणणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. जाणणारे सगळे दुसऱ्या धंद्यांत पांगले होते. कुणीतरी याचं नाव सांगितलं. फोन आला तेव्हा तो माझ्यासमोर होता. फोनवर तो फक्त "हो" म्हणत होता, पण हातानं टेबलावरची माझी टाचणीची डबी, डिंकाची बाटली, कात्री, स्टॅपलर एकमेकांना चिकटवून चिकटवून मांडत होता. फोन ठेवला तेव्हा टेबलाच्या एका कोपऱ्यात सगळं मावलं होतं आणि उरलेलं टेबल मोकळं होतं.

स्टेशनवर सोडायला मी गेलो. नवा शर्ट होता, घडीच्या खुणा असलेला. मावशींकडं बघायचं काम माझ्याकडं होतं. "आडवी होती का तेवढं बघा," तो म्हणाला. "बाकी ती सांगंल तुमाला, काय पायजे ते."

रोज फोन यायचा. आधी आईला, मग मला. मला फोन यायचा तो बॅटरीवाल्याच्या तक्रारी सांगायला. बॅटरीवाला कुणी तरणा मुलगा होता, हटून बसला होता. एका संध्याकाळी आवाज वेगळाच. "सरकला, मालक! अर्धा मिलिमीटर. पोरगं चांगलं हाय, समजून घेतलं." मी म्हटलं, वा, आता अर्ध्या मिलिमीटरची पार्टी पाहिजे. तो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुण्यातल्या त्याच्या लॉजच्या खोलीतून बाहेर आला नाही. दार तोडलं. हृदय बंद पडलं होतं, झोपेत.

घरापासून दूर, बंद दाराआड एकटा गेलेला माणूस. पोलिस आले, चिरफाड झाली, शवागारात ठेवला. त्याला घेऊन गाडी निघायला दुसरा दिवस उजाडला. इकडची व्यवस्था माझ्याकडं होती. मी आमच्या पुरायच्या जागेवरच्या खणणाऱ्याला फोन करून सांगितलं, "नेहमीसारखंच करा." तिथं उभ्या असलेल्या कुणालाच त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आमच्यात नेहमीचं म्हणजे बसायचंच असतं.

गाडी दुपारी आली. शीतपेटीतून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो सरळ होता. लाकडासारखा सरळ आणि थंड. ओसरीवर ठेवला. माणसं पुढं झाली, कारण पुढं काय करायचं असतं ते हातांना ठाऊक असतं. एकानं खांदे धरले. एकानं कोमट तेल आणायला सांगितलं. मी उजवा गुडघा धरला आणि दाबला. वाकला नाही. अजून एकजण माझ्या हातावर हात ठेवून दाबायला लागला, आणि आत कुठंतरी बारीक कट्ट असा आवाज झाला.

"सोडा."

मावशी खुर्चीत होत्या. इतका वेळ त्या आहेत हेच आम्ही विसरलो होतो.

"मावशी, बसवायचं तर..." तेलवाला म्हणाला.

"मोडू नका त्याला. जसा आलाय तसाच ठेवा."

"पर आपल्यात..."

"आपल्यातलं मला सांगू नका."

स्वामी पायरीवर उभे होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. ते पायरी उतरून त्याच्याजवळ आले. खाली बसले, त्याच्या गळ्यातलं लिंग सोडवलं, त्याचा मिटलेला तळहात हळूहळू उघडून त्यावर ठेवलं आणि हात छातीशी नेला. तेवढा हात मात्र वळला.

आणि मग मला खड्डा आठवला.

मी मोटारसायकलवर पुढं पळालो. खड्डा तयार होता, सुरेख, बसायचा. खोल, आखूड, अंगाला कोनाडा. उन्हाळ्याची भेगाळलेली काळी माती, तीत पहार मारली की ठिणगी उडते. खणणाऱ्याला मी सांगितलं, लांब करायचा. तो म्हणाला, किती लांब? मला सांगता येईना. जन्मभर सगळ्यांची मापं घेतली त्यानं, आणि त्याचं माप कुणीच घेतलं नव्हतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागलो. खड्ड्यात उतरलो, पाय कोनाड्यात कोंबून आडवा झालो आणि खालून ओरडलो, "हे बघा, माझ्याएवढं!"

वरून खणणाऱ्याचं डोकं दिसलं. "अवो भाऊ, तुमी कुठं अन् इंजिनेर कुठं. तुमचं निस्तंच आडवं वाढलंय. उठा, टाइम न्हाई."

मला उठता येईना. खांदे दोन्हीकडून अडकले होते. दोघांनी हात धरून ओढून काढलं. कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी स्वतःवर हसायची संधी सहसा सोडत नाही. पुढं मी त्यांच्याबरोबर पहार घेतली. गाडी येऊन रस्त्यावर थांबली तरी आमचं खणणं चालूच होतं. त्याला बाभळीच्या सावलीत ठेवलं होतं. शेवटी कोनाडा फोडून त्याच्या डोक्याकडची जागा केली तेव्हा तो मावला.

त्यानंतर मी रोज सकाळी मावशींकडं जातो. परवा गेलो तर त्या खाटेवर आडव्या होत्या, जाग्या. मला बस म्हणाल्या.

"मला बी तसंच ठेवा," त्या म्हणाल्या. "लांब. त्याच्या बाजूला."

मी गोंधळलो. म्हटलं, "पण मावशी, तुमचं तर सगळं ठरलंय. स्वामींनी सांगितलंय, तुम्हाला बसता येतंय. पायाची जागा बी काढलीय त्यानं."

"काढली रे. लय चांगली काढली." त्या छताकडं बघत होत्या. "पर मी बसल्यावर त्याच्याकडं बघायला वाकावं लागंल. मला वाकता येतंय का?"

मी खाटेच्या पायथ्याशी गेलो आणि वाकून त्यांच्या ताठ पायावरचं पांघरूण सारखं केलं.